पिसारेवाल्या माशाची चाकरी

"शेठना बदली हवीय," ओटीवर टेकता टेकता दत्ताराम म्हणाला. "भिकूला धाडा. गाडी खाली रस्त्यावर उभी हाय. आजच नेतो."

मुरारी अंगणात गवताचा भारा बांधत होता. उजव्या हाताने गाठ आवळता येईना, म्हणून त्याने दोरीचं टोक दातांत धरलं होतं. ते त्याने सोडलं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्याची बायको ठकूबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

उमरठच्या त्या वाडीत बदलीला भारी मान. मुंबईत शेठच्या घरची नोकरी लागली की ती एका माणसाची राहत नसे, घराची होई. बाप थकला की मुलगा, मुलगा अंथरुणाला खिळला की भाऊ. मुरारीच्या बापाने वाळकेश्वरच्या शेठकडे अशीच नोकरी धरली, पुढे मुरारीने ती चालवली. पितळी बटणांचा पांढरा कोटही बापाच्या अंगावरून मुलाच्या अंगावर आला. असली जागा हातची घालवायची म्हणजे वाडीच्या लेखी निव्वळ वेडेपणा.

पण मधे शेठला खाऱ्या पाण्याच्या टाकीचा नाद लागला. दिवाणखान्यात भिंतभर काच, आत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मासा. पंख असे पसरायचा की नोकरमंडळी त्याला पिसारेवालाच म्हणत. दिसायला नवरदेव, आणि पाठीवरच्या काट्यांत विष! विकणाऱ्याने बजावलं होतं, टाकीत हात घालायचा तर रबरी हातमोजे घाला, मासा आधी जाळीआड करा. शेठ हसले. मोज्यांनी पाणी बिघडतं, असं त्यांनीच ठरवून टाकलं. हात काही त्यांना घालायचा नव्हता.

घरी पाहुणे यायचे होते. मुरारी काचेवरचं शेवाळ खरवडत होता. मासा कोपऱ्यात सापडला आणि त्याने पाठ फिरवून काटा मारला. मुरारीच्या ओरडण्याने शेठ धावत आले आणि त्यांनी विचारलं, "मछली को कुछ हुआ तो नहीं?"

स्वयंपाक्याने बर्फ बांधला. कळ बगलेपर्यंत चढली. पुढे बोट काळं पडलं, सडलं, आणि डॉक्टरांनी ते काढून टाकलं. शेजारचं बोट कायमचं ताठ झालं. गावी आल्यावर लोकांनी विचारलं, "एवढासा मासा, त्यानं बोट नेलं?" आणि हसले. हसणारच. त्यांनी काटा काढून खायचे मासेच तेवढे पाहिलेले.

"तो मासा हाय का गेला?" मुरारीने विचारलं.

"मेला. आता शेठनी जोडी आणलीय. मोठी हाय."

"आणि मोजे?"

दत्ताराम स्वतः नात्याचा, मुरारीच्या ओळखीनेच शेठच्या गाडीवर लागलेला. त्याने मान खाली घातली. "शेठ म्हणतात, मुरारीनं बेफिकिरी केली. भिकू जवान हाय, संभाळून करील."

तेवढ्यात भिकू घरातून बाहेर आला. धाकट्या भावाने ट्रंकेतला कोट अंगात चढवला होता, बटणंही लावली होती. कोट त्याला बेतून शिवल्यासारखा बसला होता.

"काढ तो."

"का काढू? दादा, तुला लागलं म्हणून मी जल्मभर गवत कापू? नोकरी घराची हाय."

"घराची हाय ना? मग घरात मोठा मी हाय. मोडली आजपासून."

"मुरारी, डोकं फिरलं काय रे?" दत्ताराम उठलाच. "उद्या दुसऱ्या वाडीचा कोणी शिरंल तिथं. परत मिळायची नाय जागा."

"शिरू दे. पण त्यालापण माझा हात कसा झाला ते सांग. आणि शेठना सांग, टाकीत हात घालायचा तर आपला घाला."

भिकू हलला नाही. मग ठकूबाईने तांब्या खाली ठेवला आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "भावजी, कोट काढा."

भिकूने बटणं ओरबाडत कोट काढला आणि ओटीवर फेकला. मुरारीने तो नीट घडी घालून दत्तारामच्या हातात दिला.

"शेठ विचारतील, काय सांगू?"

"सांग, आमच्या घरात कुणालाच बसत नाय."

दत्ताराम पायवाट उतरून गेला. खाली गाडी सुरू झाली तेव्हा भिकू बनियनवर अंगणाच्या कडेला उभा होता. आवाज वळणाआड जाईपर्यंत तो मागे फिरला नाही.

दुपारी तो भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. ठकूबाईने दोनदा हाक मारली, तरी बोलला नाही.

"लय लागलंय त्यांच्या मनाला," ती हळूच नवऱ्याला म्हणाली.

"लागू दे. नको बोलू दे वरीसभर."

मुरारी आपला घास तसाच ठेवून भावाच्या हाताकडे बघत राहिला. भिकू रागारागाने भात कालवत होता, पाचही बोटांनी.