पालो सेकोचा भोंगा

घर दाखवायला आलेल्या बाईनं आधीच हात जोडल्यासारखं केलं. "हे बघा, रूळ अगदी समोर आहेत. गाड्या दिवसरात्र जातात. नंतर मला बोल लावू नका."

"मला ठाऊक आहे," नॉरीन पाइक म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

घर मातीच्या विटांचं होतं, वर पत्रा. रेल्वेनं शंभर वर्षांपूर्वी आपल्या मुकादमासाठी बांधलेलं. गावातली स्टेशनची इमारत, जुनं हॉटेल आणि या रांगेतली पाच घरं सरकारनं ऐतिहासिक म्हणून नोंदवली होती. त्यामुळे दारंखिडक्यांचा रंगसुद्धा विचारल्याशिवाय बदलता येत नव्हता. बाई ते सगळे नियम समजावून सांगत होती. नॉरीनचं लक्ष नव्हतं. ती गाडीची वाट बघत होती. पूर्वेकडून मालगाडी आली, फाटकापाशी भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. खिडकीच्या काचा थरथरल्या, कपाटातली एक बशी वाजली. ड्रायव्हरनं शेवटचा भोंगा थोडा लवकर सोडला, हे तिच्या लक्षात आलं. कुणीतरी नवीन पोरगं असणार.

"घेते," ती म्हणाली.

नॉरीननं सव्वीस वर्षं मालगाड्या चालवल्या होत्या. तिचं राहतं घर लांब शहरात होतं, पण ड्यूटी संपायची ती पालो सेकोला, या छोट्या गावात. इथं दुसरा ड्रायव्हर गाडी ताब्यात घ्यायचा आणि ती रनिंग रूममध्ये, गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रामगृहात झोपायची, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी मिळेपर्यंत. आठवड्यातले तीन-तीन दिवस असे जायचे. नवरा पंधरा वर्षांपूर्वी वेगळा झाला. मुलगा ओरेगॉनला, त्याचं बरं चाललेलं, सणाला फोन करायचा. शहरातल्या घरात ती फक्त कपडे धुवायला जाते, असं ती स्वतःच हसून सांगायची. खऱ्या गप्पा व्हायच्या त्या पालो सेकोत. रनिंग रूमच्या ओट्यावर गार्ड-ड्रायव्हरांचा अड्डा जमायचा, कुणी मांस भाजायचं, कुणी पत्ते काढायचं. निवृत्त झाल्यावर कुठं राहायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही.

"तू घर घे, जेवणाचं आमच्याकडे लागलं," असं लाइल म्हणाला होता. लाइल तिचा गार्ड, बारा वर्षं तिच्याशेजारी एकाच इंजिनात बसलेला. "म्हणजे जेवण तू करायचंस. आम्ही येऊन खायचं."

"भांडी घासशील?"

"बघू. आधी चव बघतो."

सामान लावून झालं त्या दिवशी ती नेहमीच्या उपाहारगृहात गेली. गल्ल्यावरच्या बाईनं तिला बघताच आत हाक मारली, "दोन अंडी, हिरवी मिरची." आणि जेवण कागदात बांधून तिच्यासमोर ठेवलं. "कोणती गाडी आज?"

"गाडी नाही. मी आता इथंच राहते. रुळांसमोर घर घेतलं."

"हो का? छान." बाईनं बांधलेला पुडा तसाच पुढे सरकवला. मागे गिऱ्हाइकं उभी होती.

नॉरीन पुडा घेऊन घरी आली. इतक्या वर्षांत या बाईनं आपल्याला नावानं हाक मारलेली नाही, हे तिला वाटेत जाणवलं. तिनं तरी बाईचं नाव कुठं विचारलं होतं? गावातली पोस्ट, दवाखाना, चर्च कुठं आहे हे तिला माहीतच नव्हतं. तिला माहीत होतं ते स्टेशन, रनिंग रूम आणि त्यांच्यामधला रस्ता.

तरी पहिला महिना मजेत गेला. लाइल आला, आणखी दोघं आले, रस्सा करून तिनं सगळ्यांना वाढला. लाइलनं भांडी घासली नाहीत. मग शरद ऋतूच्या सुरुवातीला त्याचा फोन आला.

"नॉरीन, बसली आहेस ना?"

"सांग की."

"कंपनीनं ड्यूटी बदलायचं ठाणं हलवलं. आता पुढं दीडशे मैलांवर. पालो सेकोला गाडी थांबणार नाही. रनिंग रूम बंद होतेय."

ती म्हणाली, "तुला त्रास होईल. तुझे गुडघे."

"माझ्या गुडघ्यांचं सोड. तू घर घेऊन बसलीस."

"घराला काय झालंय? चांगलं आहे."

"मी जाताना वाजवीन," लाइल म्हणाला. "ड्रायव्हरला सांगून ठेवतो. फाटकाचा भोंगा झाला की एक बारीकसा, तुझ्यासाठी. नियमात बसत नाही, पण कोण मोजतंय."

आणि ते होऊ लागलं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, फाटकाच्या भोंग्यानंतर ठिपक्यासारखा एक बारीकसा भोंगा वाजायचा. नॉरीन हातातलं काम टाकून ओट्यावर यायची आणि हात वर करायची. इंजिन तेवढ्यात निघून गेलेलं असायचं, मग डबेच डबे. तिला गाडीच्या आवाजावरून ओझं कळायचं, तेवढा वेळ ती उभी राहायची. उरलेला दिवस ती काय करायची, तर दारासमोरची वाळू झाडायची. वारा ती पुन्हा आणून टाकायचा.

शेजारच्या घरात ओर्तेन्सिया मोंतोया राहायची. सत्तरीची, ताठ, केस घट्ट बांधलेले. कुंपणावरून मान हलवायची, त्यापुढे नाही. हिवाळ्यात एकदा मात्र ती स्वतः दारात आली.

"तुम्ही रेल्वेत होता ना?"

"हो. या ना आत."

"नको, नवऱ्याला एकटं सोडलंय. बुधवारी जुन्या स्टेशनात सभा आहे. भोंगा बंद करायचा म्हणून गाव अर्ज करतंय. तुम्ही आलात तर बरं होईल. तुम्हाला त्यातलं कळतं."

नॉरीन गेली. स्टेशनच्या प्रतीक्षालयात बाकांवर तीसेक माणसं बसली होती. जुनं हॉटेल विकत घेतलेला एक तरुण आधी बोलला. पाहुण्यांना झोप लागत नाही म्हणाला. लोकांनी त्याचं ऐकून घेतलं, एवढंच. मग ओर्तेन्सिया उठली.

"माझ्या नवऱ्याला, फिलेमोनला, अर्धांगाचा झटका आला त्याला दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तो तुकड्या-तुकड्यानं झोपतो. भोंगा झाला की दचकून उठतो आणि दाराकडे बघतो. कुणी आलंय असं त्याला वाटतं. मी दर वेळी सांगते, कुणी नाही. मला आणखी काही बोलायचं नाही."

ती बसली. मग सभेच्या अध्यक्षानं मागच्या बाकाकडे पाहिलं. "पाइकबाई, तुम्ही या मार्गावर गाडी चालवलीत. भोंगा नसला तर फाटकावर माणसं मरतील, असं काहीजण म्हणतात. खरं काय?"

सगळे मागे वळले. नॉरीनला एकदम कळलं की ती जे बोलेल तेच होणार. "धोका आहे" एवढं म्हटलं असतं, तरी मतदानात निम्मे हात खाली राहिले असते. आणि तिला कुणी खोटं ठरवू शकलं नसतं. तिला लाइलचा तो बारीक ठिपका आठवला. मग तिनं ओर्तेन्सियाच्या पाठीकडे पाहिलं. ती एकटीच वळली नव्हती.

"साध्या फाटकाला धोका आहे," नॉरीन म्हणाली. "रस्ता पूर्ण अडवणारं, चारी बाजूंनी दांड्या पडणारं फाटक बसवलं, तर नाही. मी तशा गावांतून गाडी नेलीय. घंटा वाजते, दिवा लागतो. भोंगा लागत नाही."

"म्हणजे तुमचं मत बाजूनं?"

"मी सुरक्षिततेचं सांगितलं." मग तिला ते अर्धवट वाटलं. "हो. बाजूनं." आणि तिनं हात वर केला.

अर्ज मंजूर होऊन नवं फाटक बसायला उन्हाळा उजाडला. भोंग्याच्या शेवटच्या आठवड्यात लाइलचा फोन आला. सभेत बाजूनं हात वर केल्याचं तिनं त्याला सांगितलं. "तू म्हणजे तूच," म्हणाला. रागावला नव्हता. "मी खिडकीतून हात करीन."

त्यानं केलाही असेल. पश्चिमेच्या उन्हात इंजिनाची काच नुसती चमकायची, आत माणूस आहे की नाही ते दिसत नव्हतं. तिनं अंदाजानं काही दिवस हात वर केला. पुढे लाइलनं गुडघ्यांपायी यार्डातली जागा मागून घेतली आणि या मार्गावर येणं बंद झालं. त्यानंतर नॉरीन गाडीसाठी बाहेर येईनाशी झाली. गाड्या यायच्या, काचा थरथरायच्या, गाड्या जायच्या. रुळांवर तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

घर दाखवणाऱ्या बाईचा फोन आला. "आता शांतता झालीय, तुमच्या रांगेतल्या घरांना मागणी आहे. विचार आहे का?"

नॉरीननं विचार केला. एक संपूर्ण संध्याकाळ केला. शहरात जावं, तर तिथली वस्ती तिची नव्हती. मुलाकडे जावं, तर त्यानं बोलावलं नव्हतं आणि बोलावलं असतं तर तिला अवघडल्यासारखं झालं असतं. तिनं फोन करून नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाली, घर आवडलेलं दिसतंय. नॉरीन हो म्हणाली, कारण दुसरं सांगायला वेळ लागला असता.

भोंग्याबद्दल ओर्तेन्सियानं तिचे आभार मानले नाहीत. पण ऑगस्टात एका रविवारी ती कुंपणाशी आली आणि पहिल्यांदाच एकेरीत बोलली.

"तू आज कुठं जाणार आहेस?"

"मी कुठं जाणार?"

"मग तासभर फिलेमोनपाशी बसशील? चर्चमध्ये जाऊन येते. झोपलाय. उठला तर पाणी दे, काही विचारलं तर सांग मी येतेय."

नॉरीन त्यांच्या बैठकीच्या खोलीत खुर्ची ओढून बसली. खोलीत पडदे ओढलेले होते. पलंगावर एक लहानखुरा म्हातारा उताणा झोपला होता, दाढी कुणीतरी नीट केलेली. भिंतीवर देव्हारा, खाली मेणबत्ती. तिला करायला काहीच नव्हतं. मधेच जमीन हलली. लांबलचक, भरलेली गाडी होती, चढणीचा जोर लावून चाललेली. फाटकाची घंटा बारीक ऐकू आली. तिनं फिलेमोनकडे पाहिलं. त्याची पापणी हलली नाही. डबे जात राहिले, संपले, तरी तो झोपलेलाच.

बऱ्याच वेळानं त्यानं आपणहून डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घाबरला नाही.

"कोण?" शब्द अडखळत आला.

"शेजारची," नॉरीन म्हणाली. "नॉरीन."

तो बराच वेळ तिला निरखत राहिला. त्याला आणखी काही विचारायचं असावं, पण ओठ नुसतेच हलले. तिनं पेला त्याच्या तोंडाशी धरला. तो दोन घोट प्यायला आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले. तिनं हनुवटीवरचं पाणी टिपलं, पेला खाली ठेवला आणि ओर्तेन्सिया येईपर्यंत तशीच बसून राहिली.