झऱ्याच्या गावची झारी

न ओळखणाऱ्या माणसाच्या दारातलं पाणी तुम्ही कधी प्यायला आहात का? प्यायला असाल, तर माझी तुमची ओळख जुनीच म्हणायची. मी एक मातीची झारी. पोट गोल, मान बारीक, बाजूला छोटीशी चोच. माझ्या गावात मला केंडी म्हणतात. सध्या माझा मुक्काम सिंगापुरात, सेंगकांगच्या एका फ्लॅटमध्ये, चपलांच्या रॅकवर आहे.

माझं गाव जावा बेटावर, डोंगराच्या पायथ्याशी. सुंबरवेनिंग त्याचं नाव. निवळ पाण्याचा झरा, असा त्याचा अर्थ. घरं मोजकीच. मधून भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. तिथल्याच एका खाचराच्या कडेची माती मी. कुंभाराने मला थोपटून थोपटून आकार दिला, पेंढ्याच्या जाळात भाजलं आणि बाजारात नेऊन मांडलं. इबू सुमी नावाच्या बाईने बोटाच्या पेराने टकटक करून माझा आवाज ऐकला आणि मला उचललं. 'इबू' म्हणजे आई. गावात सगळेच तिला तसं म्हणतात.

सुमीच्या फाटकासमोरून झऱ्याकडे जाणारी पायवाट होती. फाटकाजवळच्या दगडावर तिने मला ठेवलं. रोज सकाळी ती मला भरायची आणि येणारा-जाणारा माझ्यातलं पाणी प्यायचा. कोणी विचारायचं नाही, कोणी आभार मानायचं नाही. पद्धत एकच, झारी उंच धरायची आणि धार वरून तोंडात सोडायची. ओठ लावायचा नाही, कारण मागून येणाराही तहानलेला असतो.

पुढे गावात पाहुणे येऊ लागले. झरा बघायला, भातशेतीचे फोटो काढायला. बरेचजण सरळ चोचीला तोंड लावायचे. सुमी त्यांना हसून निरोप द्यायची आणि मग मला आत नेऊन राखेने घासायची. त्यांच्यासमोर तिने कधी चेहरा वाकडा केला नाही.

एका डिसेंबरात मनोहर, त्यांची बायको मीनाक्षी आणि मुलगी चैताली आले. मूळचे पुण्याचे. मनोहर मरीन इंजिनीअर. उमेदीची वर्षं बोटीवर गेली, आता सिंगापूरच्या बंदरात नोकरी. झऱ्याच्या वाटेवरची एक जागा बघायला ते आले होते. तिथे परदेशी माणसाला जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. तेवढ्यावर छोटं घर बांधायचं, असं मनोहरांच्या मनात होतं.

घाटाच्या वळणांनी चैतालीला गाडी लागली होती. मीनाक्षीने तिला सुमीच्या दगडावर बसवलं, मला उचललं आणि लांबून, उंचावरून बारीक धार लेकीच्या तोंडात सोडली. एक थेंब सांडला नाही. सुमीने टाळ्याच वाजवल्या! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या नंतर कितीतरी वेळ बोलत होत्या. निघताना सुमीने मला पुन्हा भरलं आणि वाटेत पोरीला लागेल म्हणून मीनाक्षीच्या हातात दिलं.

विमानतळावर पाणी ओतावं लागलं. मीनाक्षीने ते बाहेर एका झाडाच्या मुळाशी घातलं. अशी मी सिंगापुरात आले.

मला वाटलं, इथेही आपलं काम चालू राहील. मीनाक्षीलाही तसंच वाटलं असावं. तिने मला भरून दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवलं. तासाभरात शेजारच्या लिम आंटी धावत आल्या.

"कॅनॉट लाह! डास होतील, डेंगी होईल!"

"आई, शी इज राइट लाह," चैतालीही इथल्याच बोलीत म्हणाली.

त्या दिवसापासून मी रिकामी, चपलांच्या रॅकवर. येणारे-जाणारे माझ्या तोंडात छत्रीचं टोक खुपसायचे. तक्रार नाही, मीनाक्षी मला रोज फडक्याने पुसायची.

"अहो, दुसऱ्याचं भांडं घरात राहिलंय हो," ती मनोहरांना म्हणायची.

"अगं, भेट दिलीये तिने."

"पाणी दिलं होतं. भांडं परत करायचं असतं. आणि रिकामं नाही करायचं. लाडू घालून देईन म्हणते."

"त्या मानेतून लाडू? लाडवाला सांग, पोट आत घे!"

जानेवारीत सुबोध आले. मराठी मंडळातले स्नेही, त्या जागेचा व्यवहार तेच बघत होते. त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून कोपऱ्यावर मला ठेवलं. त्यामुळे मला सगळं दिसलं.

"उद्या सही करून टाका. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मीनाक्षी वाकून बघत होती. "ही जाड रेघ कसली?"

"कंपाउंड वॉल, वहिनी. सगळ्याच प्लॉटना आहे."

"पण ही तर सुमीच्या दारावरून जाणारी पायवाट."

"त्यांना डोंगरामागून रस्ता आहे की. जरा वळसा पडेल, एवढंच."

"डोक्यावर घागर घेऊन वळसा घालून बघा एकदा. भिंत नको असेल तर?"

"प्लॉट पाडणारी कंपनी ऐकणार नाही. भिंतीमुळेच तर लोक घेतात."

सुबोध गेले. मनोहर नकाशापाशीच बसून राहिले.

"मीनाक्षी, नोकरी संपली की इथे राहायचा पास संपणार. आयुष्यभर मी प्रत्येक बंदरात पाहुणाच होतो. एक जागा हवी गं, जिथून कोणी ऊठ म्हणणार नाही."

"मला नको का वाटत तसं?" ती हळू आवाजात म्हणाली. "पण त्या बाईचं भांडं मला परत करायचंय. तिच्या वाटेवर भिंत घालून मी तिच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?"

मनोहर नकाशावरच्या त्या जाड रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"तिच्या घरात मागची खोली रिकामी आहे," मीनाक्षी म्हणाली. "त्या दिवशी हाताला धरून दाखवली मला तिने. वर्षातून दोन महिने राहू. भाडं देऊ, भाजी निवडू. पाहुणे तर पाहुणे."

लोकहो, माझ्या गावाला तुम्हीही या. जागा बघायला आलात तरी या, पाणी मिळेलच. फक्त वाट मोकळी ठेवा. आणि या घराने मला परकं भांडं म्हणून इतकं जपलं, त्याबद्दल मी यांची ऋणी आहे. माती आहे मी, कधीतरी फुटेन. पण दोन घरची माया मला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरांनी सुबोधना फोन करून नकार कळवला. मग कागदाचं नरसाळं केलं आणि पुण्याहून आलेला संक्रांतीचा हलवा माझ्यात भरायला बसले.