राजीखुशीनं

सकाळचा चहा झाला की रंगूबाई कुऱ्हाड आणि काटेरी फांद्या ओढायचं लाकडी बेचकं घेऊन घराबाहेर पडायची. आटपाडीजवळच्या त्या वस्तीला लागूनच तिच्या वडिलांची सहा गुंठे जागा होती. वडील होते तोवर तिथं मेंढरं बसायची. ते गेले, मेंढरं विकली, आणि बारा वर्षांत त्या जागेत वेडी बाभळ अशी माजली की आत शिरलेलं कुत्रंसुद्धा केकाटत बाहेर यायचं.

आता तिथं घर बांधायचं ठरलं होतं. रंगूबाईचा धाकटा भाऊ कोंडीबा, त्याचा मुलगा राजवर्धन फौजेत होता आणि दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं. कोंडीबानं जेसीबीवाल्याला बोलावलं, तर तो रस्त्यावरूनच बघून म्हणाला, "काट्यानं टायर फुटत्यात माझं. आदी बाभळी काढा, मग हाक मारा." मजूर एक दिवस आले, हातपाय सोलवटून घेतले आणि परत फिरकले नाहीत. तेव्हा कोंडीबा बहिणीजवळ येऊन बसला.

"आक्का, तूच हात लावलास तर हुईल बघ. नव्या घरात एक खोली तुझी."

नवरा वारल्यावर सव्विसाव्या वर्षी रंगूबाई माहेरी आली होती. आता ती बावन्न वर्षांची होती. एवढी वर्षं ती पडवीत, धान्याच्या पोत्यांना लागून झोपत आली होती. एक खोली तुझी, एवढे तीन शब्द ऐकून ती दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागली.

बावीस दिवस ती राबली. फांदी तोडायची, बेचक्यात धरून ओढायची, ढीग लावायचा. काटा चपलेतून आरपार जायचा. टाच सुजून टम्म झाली. एका बाजूचं साफ करून मागं वळावं, तर आधी तोडलेल्या खोडाला हिरवे कोंब आलेले. तिला रडू यायचं नाही, चीड यायची. भाकरी घेऊन आलेली भावजय साळूबाई बांधावरूनच म्हणायची, "आजून एवढंच झालं व्हय, वन्सं?" रंगूबाईचा पुढचा घाव तेवढा जोरात बसायचा.

शेवटी जेसीबी आला आणि दोन तासांत त्यानं बुंधे उपटून जमीन सपाट केली. बघायला आलेले लोक म्हणाले, "लय झाक जागा काढलीस गड्या, कोंडीबा." कोंडीबा नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी गवंड्यानं फक्की टाकून घराच्या रेघा मारल्या. हॉल, स्वयंपाकघर, राजवर्धनची खोली, देवघर, गाडी लावायची जागा. रंगूबाई लंगडत सगळीकडं फिरली.

"आन् माझी खोली कंची रं?"

गवंडी कोंडीबाकडं बघायला लागला.

"नकाशात बसली न्हाई, आक्का. पडवी मोठी धरलीया की तुझ्यासाठी." मग तो घाईनं म्हणाला, "आनि सोमवारी आटपाडीला जायाचं हाय. तू आन् लीला, दोघींनी हक्कसोड करून द्यायचं. जागा माझ्या एकट्याच्या नावावर पायजे."

धाकटी बहीण लीलाबाई कराडहून दोन दिवस आधीच आली. तिच्या घरी ऊस होता, बंगला होता. भावानं दोघींसाठी आणलेल्या साड्या तिनं हौसेनं उलगडून बघितल्या.

"समद्याच बहिणी देत्यात की, आक्का. उद्या माहेराला यायला तोंड ऱ्हायला नको?"

"तुला कराडात घर हाय, लीला. मला कुठं हाय?"

लीलाबाईनं साडीची घडी तीनदा मोडली आणि तीनदा घातली.

भावाशी बोलायचं म्हणून रंगूबाईनं चारदा तोंड उघडलं. तो चारही वेळा "बघू की" म्हणत उठून गेला. साळूबाई तर सरळच म्हणाली, "सव्वीस वर्सं कुनाच्या घरात बसून खाल्लं?" बसून! रंगूबाईनं आपल्या फाटलेल्या तळव्यांकडं बघितलं आणि दात आवळून गप्प राहिली. त्या गप्प राहण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

सोमवारी निबंधक कार्यालयात गर्दी होती. साहेबांनी मान वर न करताच नेहमीचा प्रश्न विचारला, "राजीखुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय हक्क सोडताय ना?"

"व्हय," लीलाबाई म्हणाली आणि तिनं मशीनवर अंगठा ठेवला.

"तुम्ही?"

रंगूबाईचा अंगठा मशीनपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"न्हाई, सायेब."

साहेबांनी मान वर केली. "काय नाही?"

"राजीखुशीनं न्हाई. ही जागा मी ह्या हातांनी मोकळी केलीया. मला साडी नको. माझ्या बापाच्या जाग्यातला माझा वाटा पायजे."

"मग तुमची सही घेता येणार नाही," असं म्हणून साहेबांनी कागद बाजूला सारला.

पायऱ्यांवर कोंडीबा एवढंच बोलला, "आजपास्नं मला भन न्हाई." ती एसटीनं वस्तीवर पोचली तेव्हा तिची पत्र्याची पेटी दारात आणून ठेवली होती.

आटपाडीत बाजारामागं तिनं खोली घेतली. डाळिंबं निवडायच्या कामाला जायला लागली. वाटपाचा अर्ज घेऊन कचेरीत गेली, तर कारकून म्हणाला, "भावाची संमती आणा." तिचा तोल गेला. "भावाची संमती असती तर हितं कशाला आले असते?" कारकून म्हणाला, "मग कोर्टात जा." ती कोर्टात गेली. तारखा पडत राहिल्या. बांधकाम थांबलं. तिच्यामुळं राजवर्धनचं लग्न लांबलं, असं सगळी वस्ती म्हणायला लागली.

आणि एका बाजाराच्या दिवशी साळूबाई तिच्या दारात येऊन उभी राहिली. भांडायलाच आली असणार, म्हणून रंगूबाई कंबर कसून उठली. पण साळूबाईची नजर जमिनीवरून वर येईना.

"वन्सं, माझ्या भावाचा सांगावा आलाय. बुधवारी हक्कसोडीवर सही कराय बोलवलंय." तिनं पदर तोंडाशी धरला. "तितं... सायबाला काय म्हनायचं असतंय?"

इतक्या महिन्यांचं सगळं कडू बोलणं रंगूबाईच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"एकच शबूद असतुया," ती म्हणाली. "पन एकटीच्या तोंडातनं त्यो लवकर निघत न्हाई. आत ये, बस. बुधवारी मी येती तुझ्यासंगं."