चऱ्याचा दीड रुपया

मी जुना तंबोरा आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटावर वीतभर लांब चरा आहे. आत्ता माझी गवसणी, ही कापडी खोळ, उतरली आहे तोवर तो नीट बघून घ्या, म्हणजे गोष्ट ऐकताना सारखे तिकडे डोळे जाणार नाहीत. उद्या सकाळी एक रंगारी येणार आहे. हा चरा लाखेने बुजवून मला नव्यासारखा चकचकीत करायचा, असे अकोल्याच्या या घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवले आहे. मला कोणी विचारले नाही. खुंटीला टांगलेल्याला विचारतो कोण? म्हणून तुम्हा पोरांना आजच सारे सांगून ठेवतो.

माझा जन्म मिरजेचा. माझा भोपळा वर्षभर आढ्याला टांगून वाळवला होता. माझ्या कारागिराने त्याला दांडी जोडली, वर लाख चढवली, पानाफुलांची वेल काढली आणि चार तारा ओढल्या. मग तारांखाली रेशमाचा दोरा सरकवत तो दोन दिवस नुसता ऐकत बसला. तिसऱ्या दिवशी सूर गोल झाला, तेव्हा तो डोळे मिटून एवढेच म्हणाला, "हं." त्या एका 'हं'ची मला अजून घमेंड आहे.

तिथून मी निघालो अमरावतीला. तेव्हा साता समुद्रांपलीकडे कुठेशी मोठी लढाई लागली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. साऱ्या गाड्या कापसामागे धावत होत्या. तंबोऱ्याला जागा देतो कोण! शेवटी एका गाडीवाल्याने मला गोधडीत गुंडाळून घेतले. त्याच्या गाडीत कापसाच्या गठ्ठ्यांना आवळायच्या लोखंडी पट्ट्या होत्या. एका ओढ्यात चाक आदळले, पट्ट्यांची मोळी सुटली आणि एक पट्टी गोधडी फाडून माझ्या पोटावरून करकरत गेली. वेलीची दोन पाने आणि एक फूल गेले. आतला भोपळा मात्र शाबूत राहिला. मी तेव्हा रडलो असतो, पण गाडीवाला स्वतःच इतका रडवेला झाला होता की मी गप्प राहिलो.

अमरावतीच्या बाजारात देवीदास नावाच्या दुकानदाराने मला उतरवून घेतले. त्याने चरा पाहिला, कपाळावर हात मारला आणि मला भिंतीकडे तोंड करून उभे केले. वर गवसणी चढवली. सहा आठवडे मी गवसणीच्या फटीतून त्या भिंतीचा चुना बघत होतो. मित्रांनो, चरा पडल्याचे दुःख नसते तेवढे लपवल्याचे असते. गिऱ्हाईक आले की मला वाटे, आता हा मला फिरवील. पण तो शेजारचे मृदंग दाखवी, टाळ दाखवी, आणि मी तसाच उभा.

एक दिवस दुपारी दोघे जण आले. एक खुशालराव, पूर्णेच्या काठच्या एका गावचे शेतकरी, अंगात नवा कोट आणि चेहरा रागाने लाल. दुसऱ्या तानुबाई, त्याच गावच्या, पन्नाशीला आलेल्या, डोक्यावरून पदर आणि पायांत धूळ. बोलणे सुरू झाले आणि मी मिरजेचा असल्यामुळे मला वाटले, आता मारामारी होणार. नंतर कळले की ते नुसती विचारपूस करत होते. वऱ्हाडी माणूस प्रेमानेही बोलला तरी दुकानाचे पत्रे वाजतात.

त्यांच्या बोलण्यातून मला जे कळले ते आधी सांगतो. त्यांच्या गावच्या मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन असे. तानुबाईंचे वडील नत्थुजी चाळीस वर्षे तंबोरा धरून गात होते. डोळे अधू झाले, तरी गाणे सुटले नव्हते. पण त्या साली भाव रोज चढत होते, म्हणून कोणी कापूस विकेना. घरे भरली, गोठे भरले. खुशालरावांना जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी चार दिवसांसाठी म्हणून देवळाच्या मंडपात कापूस टाकला. चाराचे चाळीस दिवस झाले, भजन बंद पडले. माणसे वर चढून कापूस तुडवत होती. कापूस काढला तेव्हा तळाशी देवळाचा जुना तंबोरा सापडला, त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या. कोणाच्या तरी हाताने तो खुंटीवरून खाली आला होता आणि पायाखाली गेला होता. नत्थुजींनी त्या खापऱ्या धोतराच्या ओच्यात वेचल्या आणि घरी गेले. त्या दिवसापासून ते गायले नाहीत. शनिवारी देवळात यायचे, मुकाट बसायचे, उठून जायचे. जेवणही तुटले होते. खुशालरावांनी देवासमोर शब्द दिला होता की माघी पौर्णिमेपर्यंत तंबोरा आणून देईन. पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती.

"दुसरा तंबोरा नाही का जी?" खुशालरावांनी विचारले.

"अख्ख्या बाजारात नाही, पाटील," देवीदास म्हणाला. "गाड्याच मिळून नाही राहिल्या. हा एक हाय. पंधरा रुपये."

तानुबाईंनी मला भिंतीपासून फिरवले आणि गवसणी उतरवली. सहा आठवड्यांनी माझ्या अंगावर उजेड पडला, आणि चऱ्यावरही.

"अरे बाप्पा!" खुशालराव ओरडले. "हे लपवून ठेवलं होतं का? देवाच्या दारी खंडित वस्तू नेऊ मी? सात रुपयांच्या वर एक कवडी देत नाही."

"खंडित कायचं जी? वरतून खरचटलं हाय. आवाजाले काय झालं? पंधराचे पंधरा घेईन. परवडत नसन त राहू द्या."

"राहू देतो मंग!"

आणि खुशालराव खरेच वळले. माझ्या तारा न छेडताच! मित्रांनो, त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. अरे, एकदा हात तर लाव!

देवीदासाने त्यांना कोटाला धरून थांबवले. मग त्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि आपल्या नि खुशालरावांच्या हातांवर टाकले. कापसाच्या बाजारात सौदा असाच व्हायचा. कापडाखाली एकमेकांची बोटे दाबायची आणि बोटांनीच भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळू नये. ते उपरणे टाकले नेमके माझ्या पोटावर. चरा परत झाकला गेला आणि त्याच्यावर दोन माणसांचे हात रागाने वळवळू लागले.

तानुबाईंनी उपरणे ओढून काढले.

"झाकून कायले करता? देवळाची वस्तू हाय. उघडं बोला," त्या म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या, मला जवळ घेतले, खुंट्या पिळल्या आणि चारही तारा एकामागून एक छेडल्या. सहा आठवडे मुका होतो, तरी मी मिरजेतल्यासारखाच बोललो. समोरच्या दुकानातली माणसे मान वळवून बघू लागली. तानुबाईंचे डोळे भरले. वडिलांचा तंबोरा त्याच लावून देत असत, त्यांना कान होता.

"खुशालभाऊ," त्या म्हणाल्या, "सकाळी दलालानं तुमच्या गाडीतला वरचा कापूस उपसून पायला. दवानं चार बोंडं पिवळी पडली होती. त्यानं साऱ्या गाडीचा भाव पाडला. तवा तुमी त्याले काय म्हनलं होतं?"

खुशालराव कोटाची बटणे चाचपू लागले.

"मी सांगू? तुमी म्हनलं, वरचं पिवळं पाहून सारी गाडी पिवळी काहून ठरवता? बरोबर म्हनलं होतं. आता तेच तुमी या तंबोऱ्याले करून राहिले."

खुशालरावांचा चेहरा उतरला. सकाळचा राग ते देवीदासावर काढत होते, हे त्यांचे त्यांनाच कळले. देवीदास मिशीत हसला, तशा तानुबाई त्याच्याकडे वळल्या.

"तुमी नका हसू जी. चरा झाला नसता त तुमी याले भिंतीकडं तोंड करून ठेवलं असतं का? नवा म्हनून इकता आन मार खाल्लेला देता. मंग पंधरा कसे?"

 शेवटी तानुबाईंनीच तोड काढली. शेजारी लाखेच्या बांगड्या करणाऱ्या पार्बताबाई होत्या, त्यांना बोलावले. ना त्या विकणाऱ्या, ना घेणाऱ्या. त्यांनी माझ्या पोटावरून नख फिरवले, चऱ्यात फुंकर घातली आणि म्हणाल्या, "आत काही नाही गेलं. लाख भरून वेल जोडाले दीड रुपया."

"झालं," तानुबाई म्हणाल्या. "जेवढ्यात दुरुस्त होते तेवढंच कमी करा. ना एक पैसा जास्त, ना एक पैसा कमी."

देवीदासाने मान हलवली. खुशालरावांनी साडेतेरा रुपये उघड्यावर, सर्वांसमोर मोजले. लाख भरून घ्यायला वेळ नव्हता, पौर्णिमा जवळ आली होती. दीड रुपया तानुबाईंनी पदराच्या गाठीत बांधला आणि आम्ही निघालो.

पौर्णिमेच्या सकाळी मी त्या देवळात पोचलो. मंडप झाडून काढला होता, तरी कोपऱ्यांत कापसाचे पुंजके होतेच. नत्थुजींना हाताला धरून आणले. ते इतके वाळले होते की मला धाकधूक वाटली, हा म्हातारा मला पेलेल का? त्यांनी मला मांडीवर घेतले. डावा हात भोपळ्यावरून फिरला आणि चऱ्यावर थांबला.

"हे काय वं?" त्यांनी विचारले.

तानुबाईंनी सारी हकीकत सांगितली. म्हातारा अंगठा चऱ्यात ठेवून ऐकत होता. मग म्हणाला, "बुजवू नका. मले डोळ्यांनं दिसत नाही. जुना धरतानी तार कुटी हाय हे चाचपत बसाव लागे. इथं अंगठा ठेवला का तारा सामोर येतात. हे माह्या कामाचं हाय."

त्यांनी अंगठा तिथेच ठेवला, तारा छेडल्या आणि गायले. आवाज पहिल्यांदा फाटला. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा लागला. खुशालराव खांबाला टेकून, उपरणे तोंडात धरून रडत होते. मी जन्मात पुष्कळ वाजलो, पण त्या सकाळइतका मनापासून कधीच नाही.

भजन झाल्यावर नत्थुजींनी विचारले, "तो दीड रुपया कुटी हाय?"

"पदराले बांधला हाय, बाबा."

"चरा बुजवाचा म्हनून तो कमी केला होता. आपन त बुजवत नाही. मंग तो आपल्यापाशी कसा? ज्याचा त्याले देऊन या."

"अहो बाबाजी, दीड रुपयासाठी कोनी अमरावतीले जाते का?" खुशालराव म्हणाले.

"माह्या तंबोऱ्यावर तुमचा कापूस गेला तवा म्या काही म्हनलं नाही, खुशालराव. हे म्हनतो."

खुशालराव पुढच्याच फेरीला तो दीड रुपया घेऊन गेले. परत आले आणि देवळात बसून त्यांनी नत्थुजींना सांगितले, ते मी ऐकले. देवीदासाने तो रुपया नि ती अधेली तळहातावर उलटीपालटी केली म्हणे. मग म्हणाला, "पाटील, सहा आठवडे म्या त्याचं तोंड भिंतीकडं केलं. लाज वाटून राहिली." त्याने पैसे ठेवून घेतले, आणि बदल्यात तारांचे एक वेटोळे दिले. पुढे दर वर्षी माघात तो नव्या तारा पाठवत असे.

त्याच उन्हाळ्यात ती लांबची लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन खाली आला. नवे कोट पेटीत गेले. पण मंडपात कापूस परत कोणी टाकला नाही. नत्थुजी आणखी तीन वर्षे गायले. शेवटच्या शनिवारी त्यांना बसवत नव्हते, तर मला त्यांच्या उशाशी आडवे ठेवले होते. अंगठा चऱ्यात होता. तो गार झाला तेव्हा तानुबाईंनी हळूच काढून घेतला आणि स्वतःचा ठेवला.

तानुबाईंनंतर त्यांच्या भाच्याने मला अकोल्याला आणले. इथे मी आधी बैठकीत होतो, मग माडीवर, मग या खुंटीला. गवसणी परत चढली. पाच वर्षे माझी तार कोणी छेडली नाही. मी कुरकुर करत नाही, जुन्या वस्तूंचे असेच असते. पण भिंतीचा चुना मी एकदा बघितला आहे, मित्रांनो, परत बघवत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, बाजारात जाल. वस्तू खरचटलेली असली तर जरूर भाव करा, लाजू नका. मात्र आधी तिची तार छेडून बघा, आणि बुजवायला लागेल तेवढेच कमी मागा. आता माझे एकच काम करा. उद्या तो रंगारी लाखेचा डबा घेऊन जिना चढेल, तेव्हा त्याच्या आधी तुमच्यापैकी कोणीतरी वर या. गवसणी परत चढवली असेल तर काढा आणि अंगठा या चऱ्यात ठेवा. तारा आपोआप समोर येतील. रंगाऱ्याला सांगा, बाकी सारे रंगव, ही एवढी जागा नत्थुजींची आहे.