ओटीपीकाकांचा नंबर

एखाद्या शहराची किल्ली अकरा वर्षं एकाच माणसाच्या शर्टाच्या खिशात होती असं सांगितलं तर कोणाला पटणार नाही. पण होती, आणि त्या माणसाला तिचा मनापासून वीट आला होता.

महापालिकेच्या माहिती तंत्रज्ञान आणि दूरसंचार विभागात तो मुख्य तंत्रज्ञ होता. अकरा वर्षांपूर्वी शहराचा कारभार संगणकावर चढवताना एक फॉर्म समोर आला, आणि त्यात एक रकाना होता : विभागाचा मोबाइल क्रमांक. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. विभागाच्या ताब्यात चारशे टेलिफोन होते, पण मोबाइल एकही नव्हता. तेव्हाचे साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "तूर्तास तुझा टाक." सरकारी कामात 'तूर्तास'इतका चिवट शब्द दुसरा नाही. ते साहेब निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेले तिघं बदलून गेले, तूर्तास मात्र जागचा हलला नाही.

तेव्हापासून जन्माचा दाखला असो, नळजोडणी असो, रस्त्यावरचे दिवे असोत की मृत्यूची नोंद, सगळ्याचं कुलूप सहा आकड्यांच्या ओटीपीने उघडायचं आणि ते सहा आकडे त्याच्याच फोनवर यायचे. दिवसाला पन्नास-साठ. मग ज्याचं काम अडलं असेल तो फोन करायचा, "काका, आला का?" याने दाढ काढून घेताना डॉक्टरांचा हात बाजूला सारून आकडे सांगितले होते. सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत खांदा बदलून घेऊन सांगितले होते. लोक त्याला ओटीपीकाका म्हणू लागले, आणि भांडण झालं की बायकोही तेच म्हणायची. अकरा वर्षांत त्याने एकदाही सलग आंघोळ केली नव्हती.

आता शुक्रवारी तो निवृत्त होणार होता. सोमवारी साहेबांनी बोलावून घेतलं.

"काका, सुटलात एकदाचे. शुक्रवारी ते सिम तेवढं जमा करा. नंबर विभागाच्या नावावर करून घेऊ, म्हणजे कुठे काही अडायला नको."

"नंबर देणार नाही, साहेब."

साहेबांना वाटलं गंमत आहे. मग गंमत नाही हे कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, तुम्हीच ना दर महिन्याला अर्ज करायचात, यातून सोडवा म्हणून?"

"सोडवाच. पण नंबर माझा आहे."

दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी गेली. म्हातारा जाता जाता अडवणूक करतोय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. चहा पिताना कोणी म्हणालं, "उद्या घरी बसल्यावर विचारणार कोण? म्हणून धरून ठेवलाय." त्याने ते ऐकलं आणि सोडून दिलं. लोकांच्या तोंडाला हात कुठे लावायचा, आणि खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

कारण होतं मुलगा. सहा वर्षांपूर्वी तो इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडून घरी आला आणि म्हणाला, मला सुतारकाम शिकायचंय. बापाने आवाज चढवला, पोराने चढवला नाही, त्यामुळे बाप आणखी भडकला. शेवटी तोंडातून निघून गेलं, "जा मग. आणि परत फोनसुद्धा करू नकोस." मुलाने बूट घातले, आईच्या पाया पडला आणि गेला. त्याच्या मित्रांकडून कधीमधी कळायचं, बरा आहे, दुसऱ्या गावी आहे. पत्ता मात्र कोणी देईना. घरचा लँडलाइन त्यानंतर बंद केला होता, बायकोचा मोबाइल तर अलीकडचा. मुलाला पाठ असलेला नंबर एकच उरला होता, आणि तो बापाच्या खिशात होता. म्हणून तो नंबर जपायचा. आज ना उद्या राग निवळेल आणि फोन वाजेल. बायको आता विचारायची नाही, पण हा घरी आला की आधी याच्या खिशाकडे बघायची.

हे सगळं त्याने मंगळवारी एकाच व्यक्तीला सांगितलं. त्याची खुर्ची घ्यायला आलेली नवी इंजिनीअर, तिशीची, बोलायला फटकळ. तिने तोंडावरच विचारलं होतं, "काका, नंबरात एवढं काय सोनं दडलंय?" आणि तो इतका थकलेला होता की उत्तर देऊन बसला.

ऐकून ती म्हणाली, "मग नंबर कशाला द्यायचा? एकेका ठिकाणी जाऊन बदलू. सात प्रणाली आहेत ना? मी बसते तुमच्याबरोबर."

"प्रत्येक ठिकाणी चार-चार अर्ज आहेत."

"असू देत. तुमची सुटका होते आणि माझं शिक्षण."

दोघं तीन दिवस एका टेबलाशी बसून होती. नंबर बदलण्याची परवानगीही जुन्या नंबरवरच्या ओटीपीने मिळायची, म्हणजे किल्ली काढायला तीच किल्ली. पाणी सुटलं, दिवे सुटले, दाखले सुटले. गुरुवारी दुपारी सातही प्रणालींवरून त्याचा नंबर उतरला. त्याने खुर्चीत मान मागे टाकली. आनंद व्हायला हवा होता, पण अंगात तेवढीही ताकद उरली नव्हती.

"एक राहिलंच," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "फोन कंपनीकडे तुमच्या नंबरवर काहीतरी बंदी आहे. विभागाच्या आदेशाने."

"हां, ते मीच केलंय. काढून टाक."

पाच वर्षांपूर्वी एका भामट्याने साहेबांचा आवाज काढून त्याच्याकडून ओटीपी घेतला होता आणि बारा खोटे जन्मदाखले बाहेर पडले होते. चौकशी झाली, बोलणी खाल्ली. मग त्याने स्वतःच आदेश लिहिला : ओटीपीच्या फोनवर फक्त यादीतल्याच नंबरांचे फोन येतील, बाकीचे कंपनीच अडवेल. असा फोन शहरात एकच होता. यादीत त्रेचाळीस नंबर होते.

"त्यात सगळ्यात पहिला नंबर मुलाचा टाकलाय," तो म्हणाला. "त्याचा फोन अडायला नको म्हणून."

ती वळली. "काका, तो नंबर चालू आहे अजून?"

"छे. तो केव्हाच बंद झालाय. मी दर दोन-तीन महिन्यांनी लावून बघतो ना."

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. सगळ्या शहराच्या जोडण्या याच्या डोक्यात होत्या, आणि एवढी साधी जोडणी पाच वर्षांत जुळली नव्हती. मुलाने नंबर बदलला असेल. नव्या नंबरावरून फोन केला असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिने काही न विचारता कंपनीकडची अडवलेल्या फोनांची यादी उघडली. शेकडो होते, कर्जवाले, विमेवाले, एकेकदा आलेले. तिने ती नंबरवार लावली. एकच नंबर पुन्हा पुन्हा होता. सोळा वेळा. पहिले तीन फोन चार वर्षांपूर्वी एकाच दिवशी, पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान. मग वर्षातून तीन-चार. शेवटचा गेल्या महिन्यात.

"फोन करणाऱ्याला काय ऐकू जातं?" तिने हळू आवाजात विचारलं.

त्याला ते पाठ होतं. कंपनीने तीन वाक्यं दिली होती आणि भामट्यांना जरब बसावी म्हणून याने त्यातलं सगळ्यात खरमरीत निवडलं होतं. 'ही व्यक्ती आपला फोन घेऊ इच्छित नाही.' एका बाईचा गोड, स्वच्छ आवाज. पोराने सोळा वेळा ते ऐकलं होतं, आता सतराव्यांदा लावेल किंवा नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"बंदी काढू?"

"काढ. आधी ती काढ."

बंदी निघाली. त्याने तो नंबर आपल्या फोनवर लावला. दोनदा आकडे चुकले. ती उठून बाहेर जायला निघाली, तर तो म्हणाला, "थांब जरा, बाई. मला एकट्याला जमायचं नाही."

चौथ्या घंटेला फोन उचलला गेला. मागे लाकूड कापल्याचा आवाज येत होता.

"हॅलो! बाबा कापतायत ना, म्हणून मी घेतला." आवाज लहान मुलीचा होता. "तुम्ही कोण?"

त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. "तू... तू किती वर्षांची आहेस गं?"

"चार. तुम्ही कोण ते सांगा ना."

चार. त्या पहाटेचे ते तीन फोन. दवाखान्याच्या कुठल्या तरी जिन्यात उभं राहून पोरगा बापाला सांगायला धडपडत होता. बापाचे डोळे भरून आले, आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"मी तुझ्या बाबांचा बाबा."

"खोटं," ती म्हणाली. "बाबांच्या बाबांना फोन लागतच नाही. बाबा लावतात, मग एक बाई नाही म्हणते."

"खरंय, बाळा. त्या बाईला मीच बसवलं होतं तिथे. माझं चुकलं. आता तिला काढून टाकलंय."

"कायमचं?"

"कायमचं."

फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, मग पळत जाणारी पावलं आणि लांबून तिची आरोळी, "बाबा! बाबा! त्या बाईला काढलं!"

करवत थांबली.