खाऱ्या पाण्याचा प्रश्न

शालिकराम गावंडे नागपूरच्या कौन्सिलात निवडून गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात त्यांनी सभागृहात एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

तसा माणूस मुका नव्हता. अकोट तालुक्यात त्यांची काळी कसदार जमीन होती आणि आवाज असा की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचे बैल थांबायचे. पण कौन्सिलात सगळं इंग्रजीत. शालिकराम मराठी पाचवी झालेले. शेजारच्या खुर्चीवर अमरावतीचे जानराव वकील बसायचे, ते मध्येच कानाशी लागून सांगायचे, “आता हात वर करा.” शालिकराम हात वर करायचे. गावी येऊन कौन्सिलातल्या गालिचाचं आणि पंख्याचं वर्णन करायचे, आणि लोक कौतुकानं ऐकायचे.

घात केला तो वर्तमानपत्रानं. अमरावतीच्या एका साप्ताहिकानं वर्षअखेरीला वऱ्हाडच्या सगळ्या सभासदांची यादी छापली. कोणी किती प्रश्न विचारले, किती वेळा बोलले. माणिकबाईंनी ओसरीवर बसून ती नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. त्या अमरावतीच्या. माहेरी वाचायला शिकलेल्या, आणि घरात येणारा छापील कागद सोडायच्या नाहीत.

“गावंडे. प्रश्न, शून्य. भाषणं, शून्य.”

“बारा खेपा हात वर केला म्या, ते नाई छापलं?”

“हात त शायेतले पोट्टेबी वर करते,” माणिकबाई म्हणाल्या.

“मंग काय इचारू? मले इंग्रजी येत नाई.”

“इंग्रजीचं सोडा. इचारासारखं काई हाय का तुमच्यापाशी?”

हे शालिकरामांना जास्त लागलं.

कपाशी फुटून पांढरीशुभ्र झाली होती आणि वेचणीला माणसं हवी होती. दरवर्षी घाटावरून, मेहकरच्या अंगानं, टोळ्या खाली उतरायच्या. बायका, पुरुष, लेकरं, डोक्यावर गाडगी-मडकी. बाळापुरावरून अकोल्याला यायचं, तिथून अकोटाकडे. चार-पाच दिवसांची पायपीट. गावंड्यांच्या शेतावर अकरा वर्षं तानुबाईची टोळी यायची. तानुबाई उंच, सडपातळ, चाळिशीची बाई. टोळीत दहा-बारा पुरुष असले तरी कुठं थांबायचं आणि कधी निघायचं ते तीच ठरवायची.

त्या वर्षी टोळी तीन दिवस उशिरा आली. दोन लेकरं पोटानं आजारी होती. माणिकबाईंनी लेकरांना घरात निजवलं, ताकभात दिला आणि तानुबाईला विचारलं, “काहून उशीर झाला वं?”

“काय सांगू बाई. अकोल्याच्या धरमशायेतून हाकललं. म्हने, हे उतारूंसाठी हाय, तुमी उतारू नाई. म्हटलं, मंग आमी कोन हाओ? त म्हने, तुमी कोनीच नाई.” हे सांगताना तानुबाई हसली. “मंग निघालो तसेच. पन अकोल्याच्या इकडे समदं खारं पानी. इहिरीवर इहीर पाहा, तोंडात घालवत नाई. लेकरं तहानेची पेली त पोटं बिघडली. दाय ठेवली चुलीवर, सांजपासून लाकडं जायली. शिजलीच नाई. खडे खाल्ले आमी, बाई, खडे.”

त्या पट्ट्यातलं पाणी खारं आहे हे शालिकरामांना जन्मापासून ठाऊक होतं. ते त्या रस्त्यानं बैलांच्या दमणीतून जायचे आणि घरचं पाणी सुरईत भरून न्यायचे, म्हणून त्याचा कधी विचारच केला नव्हता. ते दारात उभे राहून ऐकत होते. माणिकबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “घ्या. हा तुमचा प्रश्न.”

प्रश्न मराठीत माणिकबाईंनी लिहिला. दोनदा खोडला, तिसऱ्यांदा जमला. जानराव वकिलांनी त्याचं इंग्रजी करून तो नागपूरला धाडला. वेचणीसाठी घाटावरून दरसाल किती माणसं अकोला जिल्ह्यात उतरतात? त्यांच्यासाठी अकोला-अकोट रस्त्यावर निवारा आणि गोडं पाणी यांची सोय सरकार करणार काय?

माघाच्या सुरुवातीला कौन्सिल भरलं. प्रेक्षकांच्या सज्जात माणिकबाई येऊन बसल्या होत्या, काठापदराचं लुगडं नेसून. उत्तर द्यायला बांधकाम खात्याचे गोरे साहेब उठले. तरतरीत, लाल चेहऱ्याचे. त्यांनी कागद वाचला आणि जानरावांनी कानात सांगितलं, “म्हणतात, हे लोक प्रांतातल्या प्रांतातच फिरतात. म्हणून स्थलांतर करणारे म्हणून त्यांची नोंद नाही. आकडा सरकारजवळ नाही. आणि रस्त्यावरच्या विहिरींचं पाणी तपासलं आहे, ते पिण्यालायक आहे. संपलं. बसा आता.”

शालिकराम बसलेलेच होते. ते उठले.

“अध्यक्ष महाराज,” ते म्हणाले, आणि सज्जातल्या दोन-तीन माणसांनी दचकून खाली वाकून पाहिलं, एवढा तो आवाज होता. “मले इंग्रजी येत नाई. मराठीत बोलू का?”

अध्यक्षांनी मान डोलावली.

“आजलोक मी बोललो नाई, कारन बोलाले काई नोतं. आता हाय. अकोल्याच्या स्टेशनावरून कापसाची गाठ मुंबईले जाते. त्या गाठीवर नंबर असते. कोन्या जिनिंगातून निघाली, कोन्या डब्यात चढली, समदं लिहेल असते. आन तो कापूस ज्या बाईनं येचला, ते बाई कुठून आली, कुठं निजली, काय पेली, याची नोंद नाई म्हनता? गाठ मोजता येते, मानूस मोजता येत नाई?”

जानराव वकिलांनी चष्मा काढून हातात धरला.

“दुसरी गोष्ट. पानी तपासलं म्हनता. आमी शास्त्र शिकलो नाई. पन त्या पान्यात दाय शिजत नाई.”

इथं साहेबांना इंग्रजी करून सांगणारा दुभाषा अडला. तो पुण्याकडचा होता. “दाय?” त्यानं हळूच विचारलं.

“दाय हो, दाय! वरनाची!”

“डाळ,” जानराव म्हणाले. दुभाष्यानं साहेबांना ते सांगितलं आणि सभागृहात हशा उसळला. पण तो शालिकरामांवर नव्हता, आणि हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. ते पुढे म्हणाले, “सायबानं त्या इहिरीच्या पान्यात दाय शिजवून दाखवावी. शिजली त मी राजीनामा देतो.”

साहेब उठले, हसत होते. “सभासद मला जेवायला बोलवत असतील तर मी आनंदानं येईन,” असं त्यांनी म्हटल्याचं दुभाष्यानं सांगितलं.

“याच,” शालिकराम म्हणाले. “पन उपाशी राहसान.”

बाहेर येऊन टांग्यात बसल्यावर माणिकबाई म्हणाल्या, “राजीनाम्याचं काहून बोललात? ते आपलं ठरलं नोतं.”

“निघालं तोंडातून.”

“बरं निघालं,” त्या म्हणाल्या, आणि स्टेशन येईपर्यंत तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

आता प्रश्न आकड्याचा होता. वेचणी संपत आली होती आणि टोळ्या परतीला लागल्या होत्या. माणिकबाईंनी एक जाड वही घेतली. टोळ्यांच्या वाटेवर पूर्णा नदीच्या उताराशी बैलगाडी सोडून तिच्या सावलीत सतरंजी टाकली आणि अकरा दिवस तिथं बसून राहिल्या. सोबत तानुबाई. येणाऱ्या टोळीला तानुबाई आडवी व्हायची. “थांबा वं, नावं सांगून जा.” लोक आधी बिचकायचे. नाव लिहिलं म्हणजे काहीतरी अंगाशी येतं, हाच त्यांचा अनुभव. तानुबाई म्हणायची, “भिऊ नोका. बाई आपलीच हाय. आपून कोनीतरी हाओ असं लिहून राहिली.” मग ते थांबायचे. आपलं नाव, गाव, लेकरांची नावं सांगायचे. एक म्हातारा आपल्या बैलाचंही नाव सांगून गेला; माणिकबाईंनी तेही लिहिलं.

अकराव्या दिवशी वहीत दोन हजार तीनशे चौदा माणसं होती.

साहेब खरंच आले. अकोल्याकडून मोटारीनं, बरोबर त्यांचा खानसामा पुंजाराम आणि दोन कारकून. अकोट रस्त्यावरच्या एका खाऱ्या विहिरीजवळ मोठ्या लिंबाखाली चार टोळ्या थांबल्या होत्या, आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं तर जत्रेसारखी जमली होती. सकाळी दहाला दोन चुली पेटल्या. एका हंड्यात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात अकोटाहून पिंपात आणलेलं गोडं. दोन्हींत सारखीच तुरीची डाळ. खाऱ्या पाण्याच्या हंड्यापाशी पुंजारामाला बसवलं, म्हणजे कोणी लबाडी केली असं म्हणायला जागा नको. गोड्या पाण्यापाशी तानुबाई बसली.

तासाभरात तानुबाईची डाळ शिजून मेण झाली. पुंजारामाच्या हंड्यात दाणे टणाटण उड्या मारत होते.

“लाकूड ओलं आहे,” पुंजाराम म्हणाला. त्याला सुकं लाकूड दिलं.

“हंडा जाड आहे.” हंडा बदलला.

बारा वाजले, एक वाजला. पुंजारामाचा पागोट्याखालचा चेहरा घामानं भिजला. वीस वर्षांच्या नोकरीत अशी बेअब्रू झाली नसेल. शेवटी तो चुलीकडे पाठ करून बसला. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या.

तेवढ्यात साहेबांनी आकड्याचं विचारलं. माणिकबाई पुढे झाल्या आणि वही उघडून नावंच वाचायला लागल्या. “जमुना, मुक्काम जानेफळ.”

“हाओ!” गर्दीतून एका बाईनं हात वर केला.

“पार्बताबाई, मुक्काम डोणगाव. संगं तीन लेकरं.”

“हाओ, अथीच हाओ! एक लेकरू झाडावर हाय!”

मग गंमतच झाली. ज्याचं नाव येई तो उठून ओरडायचा, आणि ज्याचं आलं नाही तो विचारायचा, “माहं केवा येते?” साहेब सुरुवातीला कौतुकानं बघत होते, पण पाचव्या-सहाव्या पानापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. त्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली. मराठी वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पानं उलटत राहिले. कारकुनाला म्हणाले, “याची नक्कल करून घ्या. सगळी.”

दोन वाजता त्यांनी खाऱ्या पाण्याच्या हंड्यातला एक दाणा तोंडात टाकला. कडकन आवाज झाला. त्यांनी दाढ धरली, आणि तोडक्या हिंदीत शालिकरामांना म्हणाले, “गावंडे, तुमची नोकरी वाचली.”

मग पंगत बसली. गोड्या पाण्याचं वरण, भाकरी आणि तानुबाईचा ठेचा. ठेच्यानं साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी पुन्हा मागितला. पुंजारामालाही बायकांनी आग्रह करकरून वाढलं. “रागावू नोका दादा, तुमचा हात वाईट नाई, पानी वाईट हाय.” तोही शेवटी हसला.

साहेबांनी शब्द दिला, पण कागद अमरावतीला कमिशनरच्या कचेरीत जाऊन बसला. मग नागपूरहून उत्तर आलं की यंदाची रस्त्यांची रक्कम दुसऱ्या जिल्ह्यांकडे ठरली आहे. शालिकराम पुन्हा उठले, आणि एकदा उठायची सवय लागल्यावर त्यांना कोणी बसवू शकलं नाही. वऱ्हाडातून शेतसारा किती जातो आणि वऱ्हाडात परत किती येतो, हे त्यांनी सलग दोन दिवस विचारलं. दुसऱ्या दिवशी जानराव वकीलही उभे राहिले, आणि त्यांच्यामागे वऱ्हाडचे सगळे. दुभाषा तोवर वऱ्हाडी शिकला होता. चैत्रात मंजुरी आली.

रस्त्याच्या कडेला एक जुनं तळं होतं, गाळानं भरलेलं. उन्हाळाभर ते उपसलं. सरकारची माणसं होतीच, पण गावोगावच्या लोकांनीही गाळ आपापल्या शेतात टाकायला गाड्या जुंपल्या. बांध उंचावला, दगडी पायऱ्या केल्या. बाजूला टिनाची लांब पडवी उभी राहिली. पावसानं तळं काठोकाठ भरलं.

कार्तिक संपताना टोळ्या उतरू लागल्या. तानुबाईची टोळी येणार त्या दिवशी शालिकराम आणि माणिकबाई सकाळीच दमणीनं तळ्यावर गेले. ऊन कोवळं होतं. टोळी दुरून दिसली तशी लेकरं पुढे धावत सुटली आणि पायऱ्यांवरून थेट पाण्यात. तानुबाईनं ओंजळ भरून घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग दुसरी ओंजळ भरून माणिकबाईंच्या पायांवर सोडली.

“हे काय वं करतं!” माणिकबाई मागे सरल्या.

“चूप राहा बाई,” तानुबाई म्हणाली, आणि तिनं त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. “या, फुगडी खेळू.”

“मी? आता, या वयात?”

“मंग कवा?”

बायकांनी रिंगण केलं. माणिकबाईंनी पदर खोचला, पायाला पाय लावले आणि दोघी गरगरा फिरायला लागल्या. टोळीतल्या पोरींनी फुगडीचा ठेका धरला. माणिकबाईंचा अंबाडा सुटला, बांगड्या खणखणल्या, आणि त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शालिकरामांनी लग्नापासून त्यांचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. पडवीतले पुरुष विड्या विझवून बाहेर आले.

“भाऊ,” एक म्हातारा शालिकरामांजवळ येऊन म्हणाला, “तुमी कौन्सिलात बोलता म्हनते. आता काय इचारसान?”

“मले काय मालूम?” शालिकराम फुगडीवरची नजर न काढता म्हणाले. “ते तिचं फिरनं थांबू द्या. तिले इचारून सांगतो.”