पाइपाच्या तोंडचे दगड

त्या सोसायटीवाल्यांचं तळपट होवो! गच्चीचं, पार्किंगचं समदं पाणी एका पाइपात गोळा केलं आन् दिलं सोडून आमच्या वढ्याकाठच्या तुकड्यावर. रावेतातली बाकीची जमीन इकली, तेवढा तुकडा मी हट्टानं ठिवलाय. तिथं माझी पयली लेक हाय. बारसं व्हायच्या आधीच गेली. तान्ह्या लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून मी धुण्याच्या निमित्तानं जायची आन् येकेक दगड तिच्यावर ठिवायची. सासू म्हणली, तिचा इषय घरात काढायचा न्हाई. सासू गेली, मालक गेले, तरी माझं त्वांड उघडलं न्हाई.

पाइपाचं पाणी धबाधबा पडून माती खाऊ लागलं. यंदा घळ पार तिच्यापतूर आली. मी रणजीतच्या, माझ्या ल्योकाच्या, पाठी लागले. "आरं, पाइपाखाली दगड टाक. पाणी दगडावर फुटलं की माती वाचंल."

"काय गं आई, सोन्याचा हंडा पुरलाय का तिथं?"

"व्हय, पुरलाय," मी म्हणले. तो हसला.

मी देहूरोडला भाचीकडं गेले, तवा गुरुवारी कंपनीला सुट्टी बघून त्यानं काम उरकलं. परत आले तर भर पावसात हाताला धरून दाखवायला नेलं. खाली मोठे दगड, वर बारीक, त्यावर तारेची जाळी. पाणी त्यात अडखळत सावकाश वढ्यात जात व्हतं. मातीचं ढेकूळ हलत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"एवढे दगड कुठनं रं आणलेस?"

"आणायचे कशाला? इथंच आयता ढीग पडला होता. काटेकुटे काढले, फावडं फिरवून सगळं सपाट केलं."

मी ढिगाच्या जागंकडं वळले. बघते तर सारखी काळी माती, कुठं खूण न्हाई. काय बोलू त्याला? माझ्यासाठी लेकरानं हाताला फोड आणले व्हते.

"ब्येस केलंस, राजा," म्हणले. खुशीत तो वर गेला.

मी तिथंच हुबी. माती वाचली, पण माझी पोर त्यात कुठं निजलीय ते आता कुणाला ठावं?

"आई, चल की, भिजतीयास!" रणजीत वरनं हाका मारत व्हता.

कशी जाऊ? पुढचा पाय तिच्याच अंगावर पडला तर?